न सुटणारा ब्रेक

ब्रेक लागला नाही तर काय होते, हे कुणाला सांगावे लागत नाही. पण लागलेला ब्रेक सुटलाच नाही तर? बहुतेकांचे उत्तर असते, ‘गाडी जरा जड चालेल, पेट्रोल जास्त लागेल, दुसरे काय?’ आम्हीही काही वर्षांपूर्वी हेच उत्तर दिले असते.

२०१९ च्या नोव्हेंबरात आम्ही पुण्याहून पनवेलला निघालो होतो. गाडी छोटी, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि मागच्यांना ड्रम ब्रेक असलेली, वयाने तेरा वर्षांची. बरोबर घरातली वडीलधारी माणसे होती. तळेगाव मागे पडल्यावर गाडी ओढेनाशी झाली. सपाट रस्त्यावरही ॲक्सिलरेटर अधिक दाबावा लागत होता. लोणावळ्याला चहाला थांबलो, तेव्हा डाव्या बाजूने जळका वास येत होता. डाव्या पुढच्या चाकाजवळ हात नेला तर धग जाणवली. बाटलीतले चार थेंब डिस्कवर टाकले, ते चर्र करून उडून गेले. उजव्या चाकाच्या डिस्कवर टाकलेले थेंब मात्र शांतपणे ओघळले.

पुढे खंडाळ्याचा घाट होता. आम्ही तो उतरलो नाही. घरच्यांना आगगाडीत बसवून दिले आणि जवळच्या एका मेकॅनिकला बोलावले. तो तासाभराने आला, गाडी जॅकवर चढवली, चाक हाताने फिरवले आणि आमच्याकडे पाहून हसला. चाक अगदी सहज फिरत होते!

तो हसला यात त्याची चूक नव्हती. चूक कुठे होती हे कळायला आम्हाला पुढचे तीन रविवार लागले. ते सारे सांगण्यापूर्वी ब्रेक सुटतो कसा, हे पाहू. लागतो कसा हे पाठ्यपुस्तकात असते. सुटण्याबद्दल सहसा कुणी लिहीत नाही.

लागण्याची गोष्ट थोडक्यात अशी. ब्लेझ पास्कलने सतराव्या शतकात सांगितले की बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. समजा, आपण ब्रेकच्या पेडलवर २०० न्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २० किलो वजनाएवढे बल लावले. पेडल ही तरफ आहे. तिच्यामुळे हे बल चौपट, म्हणजे ८०० न्यूटन होते. ते मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर पडते. दट्ट्याचा व्यास २ सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ सुमारे ३.१ चौरस सेंटिमीटर, आणि दाब येतो वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २५ पट. हाच दाब लोखंडी नळ्यांतून आणि शेवटी रबरी होज पाइपमधून चाकाजवळच्या कॅलिपरमध्ये पोचतो. तिथल्या पिस्टनचा व्यास ५ सेंटिमीटर असेल तर त्यावर सुमारे ५,००० न्यूटन, म्हणजे अर्ध्या टनाचे बल मिळते. चाकाबरोबर फिरणारी डिस्क दोन पॅडच्या मध्ये चिमटीत धरल्यासारखी धरली जाते. (पुष्कळ गाड्यांत इंजिनच्या निर्वाताचा उपयोग करणारा बूस्टरही असतो, तेव्हा दाब याहून बराच अधिक असतो.)

आता पाय काढला. पेडल वर आले, कारण मास्टर सिलिंडरमध्ये स्प्रिंग आहे. पण कॅलिपरमधला तो ५ सेंटिमीटरचा पिस्टन मागे कोण ओढणार? तिथे स्प्रिंग नाही. वाचकांनी गाडीचे कोणतेही चित्र काढून पाहावे. सर्वसाधारण डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमध्ये पिस्टनला मागे ओढणारा वेगळा भाग सापडणार नाही.

हे काम एक रबरी कडी करते. पिस्टनभोवती द्रव गळू नये म्हणून बसवलेले ते सील असते. त्याचा छेद गोल नसून चौकोनी असतो. पिस्टन पुढे सरकताना सील त्याला घट्ट धरून ठेवते आणि स्वतः किंचित वाकते. दाब गेला की ते सरळ होते, आणि सरळ होता होता पिस्टनला बरोबर घेऊन मागे येते. हे मागे येणे किती? एक-दोन दशांश मिलिमीटर. वहीच्या एक-दोन पानांची जाडी! एवढ्याशा फटीवर चाक मोकळे फिरत असते.

टेबलावर एक खोडरबर ठेवून त्यावर बोट दाबून धरा आणि बोट हळूच पुढे ढकला. बोट न घसरता खोडरबर तिरपे होते. जोर काढला की बोटाला मागे आणते. आता अधिक जोराने ढकला. बोट खोडरबरावरून घसरून नव्या जागी जाते. पण तिथूनही जोर काढला की तेवढेच मागे येते. सीलचेही असेच आहे. पॅड झिजले की पिस्टन सीलमधून थोडा पुढे घसरतो, आणि मागे येताना मात्र पूर्वीइतकाच मागे येतो. म्हणून पॅड नवे असोत वा अर्धे झिजलेले, फट तेवढीच राहते आणि पेडलही तेवढेच खाली जाते. एका रबरी कडीने गळती थांबवणे, पिस्टन मागे आणणे आणि झीज भरून काढणे अशी तीन कामे करावीत, हे आम्हाला तरी गाडीतल्या सगळ्यांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटते.

पण या सुंदर कल्पनेची ताकद फार थोडी आहे. ब्रेक लावायला अर्धा टन, सोडवायला मात्र वाकलेल्या रबराची स्थितिस्थापकता. त्यामुळे लागण्याच्या वाटेत जो अडथळा जाणवतही नाही, तो सुटण्याच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो. पिस्टनवर थोडा गंज, वाटेत थोडी अडचण, एवढे पुरते. ब्रेक धरून राहण्याचे जवळजवळ सगळे प्रकार यातून निघतात.

‘थोडासा धरलेला’ ब्रेक किती उष्णता निर्माण करतो, याचा हिशेब करू. समजा, टायरच्या कडेला मोजले असता १०० न्यूटन अडथळा आहे. भरलेली बादली उचलायला लागते तेवढे हे बल. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. बल गुणिले वेग म्हणजे शक्ती: सुमारे १,६७० वॅट. आपल्या चाकात दीड-पावणेदोन किलोवॅटचा हीटर सतत चालू आहे असे समजा! डिस्क लोखंडाची, वजन ४ किलो धरू. लोखंडाचा विशिष्ट उष्मा किलोला सुमारे ४६० ज्यूल. म्हणजे डिस्कचे तापमान सेकंदाला ०.९ अंशाने, मिनिटाला ५० अंशांहून अधिक वाढेल. वाऱ्याने ती थंडही होत असते, म्हणून ही वाढ कायम राहत नाही. तरी दहा-पंधरा मिनिटांत डिस्क दोन-तीनशे अंशांच्या घरात जाऊ शकते, हे यावरून पटावे.

ही उष्णता पॅडमधून पिस्टनला आणि पिस्टनमधून त्याच्यामागच्या ब्रेक ऑइलला मिळते. (नावात ऑइल असले तरी नेहमीचे ब्रेक ऑइल तेल नसते. ते ग्लायकॉल ईथर वर्गातल्या रसायनांचे मिश्रण असते.) डबीवर ‘डॉट ३’ किंवा ‘डॉट ४’ असे लिहिलेले असते. डॉट ३ चा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो, डॉट ४ चा २३०. पण हे द्रव आर्द्रताशोषक आहे. टाकीच्या झाकणातून, रबरी नळ्यांच्या भिंतींतून ते हवेतली वाफ पीत असते. साडेतीन-चार टक्के पाणी मुरले की हेच किमान आकडे डॉट ३ साठी १४० आणि डॉट ४ साठी १५५ पर्यंत खाली येतात. कोकणातले चार पावसाळे पाहिलेल्या ब्रेक ऑइलबद्दल काय सांगावे?

द्रव उकळला की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पेडल दाबले तरी सारा जोर बुडबुडे चेपण्यात जातो आणि पेडल तळाला टेकते. म्हणजे ब्रेक सुटत नव्हता म्हणूनच तो लागेनासा होतो. खंडाळ्याहून खोपोलीला येताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली उतरते. माणसांसह १,१०० किलोच्या गाडीची ५४ लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा या उतारावर कुठेतरी जायला हवी. खालच्या गियरमध्ये इंजिन काही घेते, हवा काही घेते, उरलेली ब्रेकलाच घ्यावी लागते. आधीच तापलेला ब्रेक घेऊन हा घाट उतरणे म्हणजे काय, हे आम्हाला चहाच्या टपरीवर एवढ्या आकड्यांनिशी सुचले नव्हते. पण ते चार थेंब उडालेले पाहून पाय मागे आला, एवढे खरे.

आता पुन्हा त्या मोकळ्या फिरणाऱ्या चाकाकडे येऊ.

पुण्याला सावकाश परत आल्यावर एका गॅरेजमध्ये गाडी दिली. त्यांनी पॅड बदलले. दोन आठवड्यांत पुन्हा तोच वास. मग आम्ही स्वतःच करायचे ठरवले. प्रयोगशाळेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला एक चाक जड जाते का हे ठरवता येऊ नये, असे वाटले. हा थोडा गर्वच होता आणि तो लगेच उतरला. पहिल्या रविवारी आम्ही पुस्तकात पहिले लिहिलेले कारण धरले, ‘पिस्टन गंजून अडकतो’. सील किट आणले, पिस्टन बाहेर काढला. तो आरशासारखा चकचकीत होता! तरी आणले आहे म्हणून सील बदलले, सगळे जोडले. सोमवारी सकाळी चाक फिरवून पाहिले, सहज फिरले. झाले, दुरुस्त! बुधवारी कामावरून परत येताना पुन्हा धग.

आमची चूक आणि त्या मेकॅनिकची चूक एकच होती. दोघांनीही चाक तपासले ते थंड झाल्यावर, पेडल दाबून बराच वेळ लोटल्यावर. ज्या अवस्थेत दोष दिसतो ती अवस्था निर्माण न करताच ‘दोष नाही’ असा निष्कर्ष काढला होता. विद्यार्थ्याच्या प्रयोगवहीत हे दिसले असते तर आम्ही लाल शाईने खूण केली असती.

दुसऱ्या रविवारी मोजमाप केले. पद्धत सोपी आहे. गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करावी. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत, गियर न्यूट्रलमध्ये ठेवावा, पुढची बाजू जॅकने उचलून लोखंडी स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोके तर सोडाच, हातसुद्धा घालू नये; जॅक घसरला की विचार करायला वेळ मिळत नाही. मग टायरभोवती दोरी गुंडाळून तिचे टोक प्रयोगशाळेतल्या स्प्रिंगच्या काट्याला बांधावे आणि चाक सावकाश एकसारखे फिरेल असे ओढावे. इंजिनने फिरणाऱ्या चाकाला गियरपेटीचाही थोडा विरोध असतो, म्हणून आकडा एकट्याने वाचायचा नाही. डाव्याची उजव्याशी तुलना करायची.

घरातल्या एकाला पेडल जोराने दाबून सोडायला सांगितले आणि लगेच काटा वाचला. उजवे चाक दीड किलो. डावे अकरा! एका मिनिटाने डावे आठावर आले, तीन मिनिटांनी पाचावर, दहा मिनिटांनी दोनावर. उजवे दीडच. पुन्हा पेडल दाबले, पुन्हा अकरा. आकडे ढोबळ होते, पण क्रम प्रत्येक वेळी तोच येई.

या उतरत्या आकड्यांनी पुष्कळ काही सांगितले. गंजलेला पिस्टन किंवा अडकलेली पिन आपोआप दहा मिनिटांत मोकळी होत नाही. कालानुसार असे काही उतरत असेल तर काहीतरी हळूहळू पाझरत असले पाहिजे. अकरा किलोच्या विरोधासाठी कॅलिपरमध्ये किती दाब अडकला असेल, याचा हिशेब केला. तो जेमतेम दोन वातावरणांएवढा आला. म्हणजे टायरमधल्या हवेएवढाच. पाय पंचवीस वातावरणांचा दाब देऊन द्रव आत घुसवतो. परत यायला त्याच्यामागे दोनाचाच रेटा, आणि तोही कमी कमी होत जाणारा. वाट अरुंद झाली असेल तर जाणे चुटकीसरशी आणि येणे दहा मिनिटांचे. चालत्या गाडीत तर तेवढी दहा मिनिटे मिळतच नाहीत. त्यातच अडकलेला द्रव तापून प्रसरण पावतो, दाब वाढतो, घर्षण वाढते, द्रव आणखी तापतो.

तरी हा तर्कच होता. त्याची कसोटी घेण्यासाठी कॅलिपरवर एक छोटा स्क्रू असतो. ब्रेकमधली हवा काढायला तो ठेवलेला असतो, गॅरेजवाले त्याला निपल म्हणतात. आमच्या मते चिकटलेल्या ब्रेकच्या निदानातला हा सर्वांत मोलाचा प्रश्न आहे, आणि तो सर्वांत आधी विचारायला हवा होता. निपलवर पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीत सोडावे. पेडल दाबून सोडावे. चाक जड झाले आहे याची खात्री करून निपल अर्धा फेरा सैल करावे. द्रवाची छोटी पिचकारी उडाली आणि चाक तत्काळ मोकळे झाले, तर दाब अडकला होता. दोष कॅलिपरच्या अलीकडे, द्रवाच्या वाटेत आहे. निपल सैल करूनही चाक जडच राहिले, तर दाबाचा संबंध नाही. पिस्टन, कॅलिपरच्या सरकत्या पिना किंवा पॅड यांपैकी काहीतरी अडकले आहे. एका स्क्रूच्या अर्ध्या फेऱ्यात संशयितांची यादी निम्मी होते!

आमच्या डाव्या चाकाने पिचकारी उडवली आणि ते भिरभिर फिरले.

मग तोच प्रश्न एक पायरी मागे. निपल बंद केले, पुन्हा पेडल दाबून सोडले आणि लोखंडी नळी होज पाइपला जिथे मिळते तो जोड किंचित सैल केला. तिथे सैल केल्यावर चाक मोकळे झाले असते, तर दोष त्याहून मागे, मास्टर सिलिंडरकडे. ते मोकळे झाले नाही. म्हणजे निपल आणि जोड यांच्यामध्ये, अवघ्या वीतभर लांबीच्या रबरी नळीत!

नळी बाहेरून धडधाकट होती. ती जिथे लोखंडी पट्टीच्या कड्यातून जात होती तिथे मात्र तांबूस फुगवटा होता. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो. सिमेंटच्या छतातली सळई गंजली की गिलावा फुटतो, तो याच कारणाने. इथे कड्याच्या आतल्या बाजूला गंज वाढत गेला, त्याला बाहेर जायला वाव नव्हता, म्हणून त्याने रबर आत दाबत नेले. नळी कापून उजेडासमोर धरली तेव्हा मधल्या छिद्रातून सुईच्या अग्राएवढा उजेड दिसत होता. काही नळ्यांत गंज नसताही आतले रबर जुने होऊन फुगते आणि परिणाम हाच होतो.

तिसऱ्या रविवारी दोन्ही बाजूंच्या होज बदलल्या. एक या थराला आली तर तिची जोडीदारीणही त्याच वयाची. जोडाखालच्या तांब्याच्या चकत्याही नव्या घातल्या. नंतर हवा काढावी लागते. एकजण पेडल दाबून धरतो, दुसरा निपल सैल करतो, बुडबुड्यांसह द्रव बाटलीत येतो, निपल बंद झाल्यावरच पहिला पाय उचलतो. ‘दाब’, ‘धर’, ‘सोड’ असे मोठ्याने म्हणत हे करावे. क्रम चुकला तर बाहेर आलेली हवा पुन्हा आत जाते. मधूनमधून वरची टाकी भरत राहायचे. ब्रेक ऑइल रंग खाते, गाडीच्या पत्र्यावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे. बाटलीत आलेले पुन्हा टाकीत ओतू नये. आमचे तर चहासारखे तपकिरी झाले होते.

निपलने ‘दाब नाही’ असे उत्तर दिले असते तर? मग चाक काढून कॅलिपर पाहायचा. बहुतेक छोट्या गाड्यांत पिस्टन एकाच बाजूला असतो आणि सगळा कॅलिपर दोन पिनांवर सरकून दुसऱ्या बाजूचा पॅड दाबतो. दोन पॅडची झीज बरीच वेगळी असेल तर आधी या पिना हाताने सरकवून पाहाव्यात. गंजलेल्या पिना साफ करून ब्रेकसाठीचेच सिलिकोन ग्रीज लावले की पुष्कळदा काम होते. घरातले नेहमीचे ग्रीज लावू नये. पेट्रोलियमपासून बनलेले तेल ब्रेकमधल्या रबराला फुगवते. याच कारणाने ब्रेकचे भाग पेट्रोल-रॉकेलने धुवायचे नाहीत. आणि चुकून कुणी ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल ओतले, तर सगळीच सीले फुगून चारही ब्रेक धरतात. तेव्हा एकेक चाक तपासत बसण्यात अर्थ नसतो, सगळी रबरे बदलावी लागतात.

पिस्टन मोठ्या शिकंज्याने सावकाश आत ढकलला असता जात नसेल तर तो गंजला आहे. त्यावरचा चकचकीत थर खड्ड्यांनी खाल्ला असेल तर घासून उपयोग नाही, बदलावाच लागतो. तो बाहेर काढण्यासाठी पंपाची हवा वापरू नये. गोळीसारखा सुटून बोटे चेचतो. पेडलच्या दाबाने हळूहळू बाहेर येऊ द्यावा. पॅडची काळी धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि हातातला पॅड कोणता हे नुसते पाहून कळत नाही.

दोन किंवा अधिक चाके एकदम धरू लागली तर नजर मास्टर सिलिंडरकडे वळवावी. पाय काढल्यावर तिथला दट्ट्या पूर्ण मागे यावा लागतो, तेव्हाच त्याच्यापुढचे बारीक छिद्र उघडते आणि नळीतला दाब टाकीत रिकामा होतो. पेडलला वर थोडी मोकळी चाल नसेल, तर दट्ट्या छिद्र झाकूनच उभा राहतो. पेडलखाली सरकलेले जाड पायपुसणेसुद्धा पेडल अर्धवट दाबलेले ठेवू शकते; ते आधी पाहायला पैसे पडत नाहीत. मागच्या ड्रम ब्रेकमध्ये मात्र शूंना मागे ओढणाऱ्या खऱ्याखुऱ्या स्प्रिंगा असतात. तिथे दोष असतो तो बहुधा गंजलेल्या हँडब्रेकच्या केबलचा. पावसाळ्यात गाडी पंधरा दिवस हँडब्रेक ओढून उभी राहिली की हे ठरलेलेच. म्हणून सपाट जागी जास्त दिवस गाडी ठेवायची तर ती गियरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावावेत आणि हँडब्रेक सोडून ठेवावा.

वर लिहिलेले सगळे प्रत्येकाने घरी करावे असे आमचे म्हणणे नाही. विद्यार्थ्यांनी तर जाणत्या माणसाशिवाय गाडी जॅकवर चढवूच नये. निदान घरी करावे आणि दुरुस्ती सरावलेल्या हातांनी करून घ्यावी, ही तडजोड आम्हाला शहाणपणाची वाटते. ‘ब्रेक धरतो, बघा’ असे सांगण्याऐवजी ‘पेडल सोडल्यावर लगेच चाक जड असते, दहा मिनिटांनी सुटते, निपल सैल केल्यावर तत्काळ सुटते’ असे सांगितले की मेकॅनिकचे काम आणि आपला खर्च दोन्ही निम्मे होतात.

वर्गात हे दाखवायला गाडी लागत नाही. औषधांच्या दुकानातून ५ आणि २० मिलिलिटरच्या दोन नव्या सिरिंजा, सुई न लावता, आणि सलाइनची नळी आणावी. नळीची टोके सिरिंजांच्या तोंडांवर घट्ट बसवून सगळ्यात रंगीत पाणी भरावे, बुडबुडे राहू देऊ नयेत. छोट्या सिरिंजचा दट्ट्या अंगठ्याने दाबला की मोठ्या सिरिंजचा दट्ट्या वर येतो. तो एका बोटाने हलकेच दाबून परत पाठवावा. आता सलाइनच्या नळीवरची थेंब कमी-जास्त करणारी चाकाची चिमटी जवळजवळ बंद करावी आणि हेच पुन्हा करावे. अंगठ्याच्या जोराने पाणी अजूनही जाईल. परत येताना त्याला किती वेळ लागतो, हे घड्याळ लावून विद्यार्थ्यांना मोजू द्यावे. चिमटी पाव-पाव फेरा आवळत नेऊन जाण्याचा आणि येण्याचा वेळ यांचा आलेख काढला तर आणखी चांगले.

आणि ज्यांनी गाडीवर काम केले असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट. पिस्टन आत ढकलल्यानंतर पॅड डिस्कपासून दूर गेलेले असतात, त्यामुळे पहिल्यांदा पाय ठेवताच पेडल थेट तळाला जाते. इंजिन सुरू करण्यापूर्वी, गाडी जागची हलवण्यापूर्वी, पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहावे. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी आम्ही ते दहा वेळा दाबले, मग आणखी दहा वेळा दाबले, आणि मगच फाटकाबाहेर पडलो. पाच किलोमीटर फिरून आल्यावर दोन्ही डिस्कवर थेंब टाकले. दोन्हीकडचे ओघळले.